एका थेंबात निळं

दीड वर्षात दुसरा गिझर गेला, तेव्हा गिझरवाल्याने बाथरूमच्या फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, गिझरच्या पोटातली तापायची कांडी उपसून काढली आणि घरातल्या तिघांनाही दिसेल अशी उंच धरली. कांडी कसली, पांढरा सोटाच झाला होता. त्याने पान्याचा एक टोला दिला तसा मनगटाएवढा खपला सुटून खाली पडला.

"हे असं आहे," तो म्हणाला. "पाणी जड आहे तुमचं. मी नवी कांडी बसवून देतो, मला काय, माझं पोट त्यावरच चालतं. पण आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा भेटू. त्यापेक्षा एकदाचा सॉफ्टनर बसवून टाका."

मुलाने लगेच फोन काढला. सुनेने आपली राठ झालेली वेणी पुढे घेऊन तिच्याकडे संशयाने पाहिलं. आणि दारात उभी असलेली मुलाची आई, म्हणजे कॉलेजभरची मावशी, म्हणाली, "बसवू या की. पण आधी पाणी किती जड आहे ते मोजायला हवं."

"आई, तू बस," मुलगा फोनवरची नजर न काढता म्हणाला. "मी बघतो काय ते."

हे 'तू बस' मावशीला या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येई. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उलट जीव लावणारा होता. आईने एकटीने कमावून आपल्याला वाढवलं, आता तिने काडीही इकडची तिकडे करू नये असं त्याने ठरवून टाकलं होतं, आणि ठरवताना तिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. भाजी चिरायला घेतली, की आई तू बस. बँकेचं पत्र आलं, आई तू बस. पंखा कुठला घ्यायचा, पडदे कुठल्या रंगाचे, दाराला कुलूप कसलं, सगळ्याला एकच उत्तर. सूनही आदबीने वागायची, इतक्या आदबीने की मावशीला आपण आठवडाभरासाठी आलेली पाहुणी आहोत असं वाटायचं. निवृत्त होऊन ती इथे आली त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं बसून बसून बाई अगदी विटून गेली होती.

पडद्यातलं तिला कळत नव्हतं, हे ती स्वतःच कबूल करायची. पण पाणी? पाणी मोजण्यात तिची एकोणतीस वर्षं गेली होती. या एका बाबतीत तरी या घराने आपलं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. इथेही आपल्याला खुर्चीत बसवलं, तर मग आपण जन्मभर बसलो, हे तिला लख्ख दिसत होतं.

मावशी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. कागदोपत्री तिचं काम म्हणजे काचसामान धुणं, बाटल्या भरणं आणि ओटे पुसणं. पण द्रावणं तीच बनवायची, आणि मुलं यायच्या आधी प्रत्येक प्रयोग एकदा स्वतः करून बघायची. का, तर प्रयोग फसला की सर सगळ्या वर्गासमोर म्हणायचे, "मावशींनी बाटली चुकीची भरली असणार." फुकटचं बोलून घ्यायची तिला हौस नव्हती. म्हणून रोज सकाळी साडेसातला रिकाम्या प्रयोगशाळेत ती ब्युरेट भरायची. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली काचेची लांब नळी, खाली बारीक तोटी; तोटी फिरवून द्रावण थेंब थेंब सोडायचं, रंग बदलला की थांबायचं, आणि किती सांडलं ते खुणेवर वाचायचं. आलेला आकडा ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायची. मग सर यायचे, हळूच कपाट उघडायचे, आकडा बघायचे, रजिस्टरमध्ये पेनाने उतरवायचे आणि खाली झोकदार सही ठोकायचे.

एकोणतीस वर्षांत सर तीन बदलले, कपाट तेच राहिलं. रजिस्टरात मावशीची सही कधी झाली नाही, आणि ती मागता येते हे तिलाही कधी सुचलं नाही. मुलं मात्र बेरकी. त्यांना सगळं ठाऊक असायचं. सरांना सोडून ती हिच्याभोवती घोटाळायची, "मावशी, तुमचं किती आलं?" ब्युरेटमावशी हे नावही त्यांनीच पाडलेलं. निवृत्तीच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं, तर ती म्हणाली, घड्याळ नको, ती वरचा टवका उडालेली ब्युरेट द्या. ब्युरेट मिळाली. टॉवेलात गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवली होती.

मुलाने पहिल्या रविवारी बोलावला तो चुंबकवाला. ऑफिसातल्या कुणीतरी नाव सुचवलं होतं. त्याने टेबलावर दोन काळे ठोकळे मांडले. हे पाण्याच्या नळीला दोन्ही बाजूंनी आवळायचे, की झालं. "मीठ नाही, वीज नाही, देखभाल नाही, दहा वर्षं बघायला नको!"

मुलगा खूश झाला. मावशीने चहा पुढे ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "याने पाण्यातला चुना जातो?"

"जातो म्हणजे काय काकू, पार जातो."

"कुठे जातो?"

"म्हणजे?"

"म्हणजे आत आलेली वस्तू कुठूनतरी बाहेर पडायला हवी ना. चुंबकाला चिकटला तर नळी तुंबेल. नाही चिकटला तर नळातून बादलीत येईल. मग जातो तो कुठे?"

चुंबकवाल्याने घोट घेतला. "त्याचं काय आहे काकू, चुन्याची रचना बदलते. आतल्या आत."

"असं होय. आणि ती बदललीय हे गिझरला कोण सांगणार?"

सुनेला हसू फुटलं, ते तिने खोकल्यात दडवलं. चुंबकवाला अर्धा चहा टाकून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची आठवण होऊन निघून गेला. मुलगा रागावला. "आई, घरी आलेल्या माणसाची अशी हजेरी घेतात का?" पण ठोकळे त्याने घेतले नाहीत, हेही खरं.

पुढच्या रविवारी सकाळी आठला आला तो टायवाला. हा कंपनीचा माणूस, बोलायला गोड, बुटांना पॉलिश. त्याने नळाखाली कागदाची एक पट्टी ओली केली, पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला आणि म्हणाला, "दीडशे. मध्यम आहे. तुम्हाला आमचं सगळ्यात छोटं मशीन पुरेल. बाथरूमच्या भिंतीला टांगायचं. महिनाअखेरपर्यंत ऑफर आहे."

"दुपारचं पाणी तपासलंत का?" मावशीने विचारलं.

"पाणी ते पाणीच, काकू. सकाळचं काय आणि दुपारचं काय."

"सकाळी नगरपालिकेचं असतं. ते संपलं की दुपारी वॉचमन बोअर सुरू करतो. बोअरचं पाणी वेगळं असणार."

"आई, तू बस ना," मुलगा म्हणाला.

मावशी बसलेलीच होती. तरी तिला पुन्हा बसवण्यात आलं. टायवाला फॉर्म ठेवून गेला आणि मुलाने तो पुढच्या रविवारी भरायचा म्हणून फ्रिजवर लावून टाकला.

मावशीच्या हातात सात दिवस होते. सोमवारी मुलगा आणि सून कामाला गेल्यावर तिने पायात चपला सरकवल्या आणि प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या तिच्या जुन्या दुकानदाराकडे गेली. त्याने तिला पाहिलं तसा स्टुलावरून उठलाच. "मावशी! आता कुठल्या कॉलेजात?"

"घरच्या," ती म्हणाली. "पाण्याची कठीणता काढायचं सगळं दे. द्रावण तयारच दे, आता घरी तराजू नाही माझ्याकडे. आणि ते रंग दाखवणारं काळं दर्शक दे, नेहमीचं. ताजं दे हं, मागच्या वर्षीचं गळ्यात मारू नकोस."

परत येऊन तिने ब्युरेट टॉवेलातून काढली, बाथरूमच्या खिडकीच्या गजाला दोन चिंध्यांनी उभी बांधली, खाली चंचुपात्र ठेवलं आणि कामाला लागली. पहाटेचं पाणी, नऊचं, बाराचं, तीनचं, सातचं. प्रत्येक वेळचं पाणी तिने वेगळ्या बाटलीत धरून ठेवलं होतं आणि बाटलीला वेळेची चिठ्ठी चिकटवली होती. दोन दिवसांत बाई दहा वर्षांनी लहान दिसायला लागली.

बुधवारी सून लवकर घरी आली, आणि दार उघडताच तिच्या नाकात अमोनियाचा झणका बसला. ती वासामागोमाग बाथरूमपर्यंत गेली. आत सासूबाई पदर खोचून, चष्मा नाकावर आणून, एका काचेच्या नळीकडे डोळे रोखून उभ्या.

"आई! हे काय चाललंय? स्फोट-बिट होणार नाही ना?"

"काही होत नाही. तो वास मी घातलेल्या द्रावणाचा आहे, खिडकी उघडी आहे. ये, आत ये. नुसती बघत राहा."

चंचुपात्रात डाळिंबी रंगाचं पाणी होतं. मावशीने डाव्या हाताने तोटी किंचित सैल केली, उजव्या हाताने चंचुपात्र गोल गोल हलवत राहिली. "हे सकाळचं पाणी. यात चुना आहे तोवर रंग लाल. वरून पडणारं द्रावण एकेक थेंब चुना पकडत जातं. सगळा पकडून झाला की निळं. मग वाचायचं, किती लागलं." थेंब पडत राहिले. लाल जांभळट झालं, जांभळ्यात निळसर झाक आली, आणि एका थेंबाला सगळं पात्र स्वच्छ निळं झालं. सून नकळत "हाऽ" म्हणाली.

"सात पूर्णांक दोन," मावशी म्हणाली. "वीसने गुणलं की एकशे चव्वेचाळीस. टायवाल्याची पट्टी खोटं बोलत नव्हती. आता हे बघ, दुपारी तीनचं."

या वेळी थेंब पडत राहिले, पडतच राहिले. दहाच्या खुणेवर पाणी लाल, पंधरावर लाल, वीसवर लाल. सुनेचे पाय अवघडले तरी ती हलेना. सत्तावीस पूर्णांक सहाला निळं झालं.

"पाचशे बावन्न," मावशी म्हणाली. "चौपट. आता तू सांग, आपण आंघोळी कधी करतो?"

"संध्याकाळी," सून हळूच म्हणाली. "दोघंही. कामावरून आल्यावर." मग तिने वेणीकडे पाहिलं, गिझरकडे पाहिलं. "म्हणजे तो नेमका हेच पाणी पितो."

"हेच. आणि टायवाला सकाळचं पाणी बघून मशीन देतोय."

सून बादलीच्या काठावर टेकली. "आई, एवढी वर्षं तुम्ही हे करत होतात? आणि आम्ही तुम्हाला साधी भाजी चिरू देत नाही." तिला खरंच वाईट वाटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मावशीने ब्युरेट धुवायला घेतली.

शनिवारी जेवताना सुनेनेच विषय काढला. मुलाने आधी थट्टा केली, मग सुनेने त्याला हाताला धरून स्वयंपाकघरातल्या कपाटाशी नेलं आणि दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले सहा दिवसांचे आकडे होते, वेळेसकट. रोज तीच गोष्ट: सकाळी दीडशेच्या आतबाहेर, दुपारनंतर साडेपाचशे.

मुलाने आकड्यांवरून बोट फिरवलं. "समजा खरं आहे. मग?"

"मग ते छोटं मशीन दुपारच्या पाण्याने एका दिवसात भरून जाईल," मावशी म्हणाली. "आत रेझिन म्हणून बारीक पिवळे मणी असतात. ते चुना धरून ठेवतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, आणि तो चुना मोरीतून बाहेर जातो. कुठे जातो याचं उत्तर आहे या मशीनकडे. पण छोटं घेतलं तर रोज धुणं, रोज मीठ. मोठं घेतलं तर चार-पाच दिवसांनी एकदा. आणि घड्याळावर चालणारं नको, किती पाणी गेलं ते मोजून धुणारं हवं."

"आणि ते धूड ठेवायचं कुठे?"

"मागच्या बाल्कनीत. वॉशिंग मशीन अर्धा हात सरकवलं की बसतं. मोजलंय मी. मोरीही तिथेच आहे."

"प्यायचं पाणी?"

"त्याला हात लावायचा नाही. मऊ पाण्यात सोडियम चढतो. स्वयंपाकघराची लाइन आहे तशी ठेवायची, मशीनच्या आधीच वेगळी काढून घ्यायची. पिऊ या आपलं जुनंच पाणी, फिल्टरमधून."

सगळ्या वाटा बंद झाल्यावर मुलगा खुर्चीवर बसला. "बरं. तुझ्या शब्दावर मोठं घेतो. पण आई, फसलं ना, तर पुढे असल्या कुठल्याच गोष्टीत तू पडायचं नाहीस. कबूल?" तो हसत म्हणाला, पण ती काही गंमत नव्हती, आणि हे दोघांनाही कळलं.

"कबूल," मावशी म्हणाली.

दहा दिवसांनी फिटर आला. खांद्यावर पाइपांची गुंडाळी, कमरेला पाने, तोंडाचा पट्टा चालू. "चाळीस घरांत बसवलीत मशीनं काकू, डोळे मिटून बसवतो." मावशी म्हणाली, "डोळे उघडेच ठेवा." ती त्याच्याशेजारी उभी राहिली ती उभीच. आत जाणारा पाइप कुठला, बाहेर येणारा कुठला, हे तिने बोट ठेवून दाखवलं. स्वयंपाकघराची लाइन मशीनच्या आधी वेगळी काढली का ते दोनदा पाहिलं. मोरीत जाणाऱ्या नळीचं तोंड पाण्याच्या वर राहील असं बांधून घेतलं. फिटरने मशीनवर दीडशेचा आकडा घातला, तो तिने पाचशे पन्नास करायला लावला.

"सकाळी मीठ वाया जाईल की, काकू."

"जाऊ दे थोडं. सगळ्यात वाईट पाणी धरूनच आकडा घालायचा."

"बरं, पट्टीने तपासून देतो शेवटी, असं म्हटलं असतं," फिटर जरा फुरंगटून म्हणाला, "पण तुम्ही कंपनीत फोन करून सांगितलंत ना, पट्टी नको, आमच्या घरी प्रयोगशाळा आहे. मी आणल्याच नाहीत."

सांगितलं होतं खरं. पट्टीवर तिचा राग होता. मुलाने भुवया उंचावल्या.

फिटरने टाकीत मिठाचे खडे ओतले, मशीन सुरू केलं, मणी धुऊन घेतले. पाणी आधी पिवळट आलं, मग नितळ. दुपारचे साडेतीन झाले होते, म्हणजे इमारतीच्या टाकीत बोअरचंच पाणी होतं. अगदी कसोटीची वेळ. मावशीने चंचुपात्र घासून लखलखीत केलं, स्वयंपाकघरात जाऊन शेवटचं विसळून आणलं, बाथरूमच्या नळाचं पाणी मोजून त्यात घेतलं. फिटर, मुलगा, सून, तिघेही दारात दाटीवाटीने उभे. तिने अमोनियाचं द्रावण घातलं. मग दर्शकाची चिमूट.

पाणी लाल झालं. फिकट का होईना, पण लाल.

मावशीने पात्र एकदा हलवून पाहिलं. एकोणतीस वर्षांत इतका वाईट रंग तिने पाहिला नव्हता. तिने तोटी फिरवली, एक थेंब सोडला. पाणी निळं झालं. पण मुलाला थेंबाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला लाल दिसलं होतं. "लाल म्हणजे चुना आहे ना? तूच सांगितलं होतंस." तो स्वयंपाकघरात गेला. नळ सुटल्याचा आवाज आला, मग हात चोळल्याचा, मग त्याचं बोलणं. "काहीच फरक नाही. साबणाला फेससुद्धा येत नाहीये. पैसे पाण्यात गेले."

फिटर छताकडे बघायला लागला. सून मावशीच्या जवळ सरकली. आणि मावशीला ती खुर्ची दिसायला लागली, खिडकीजवळची, उशी घातलेली, आता कायमची तिचीच.

"अरे, तिथे कसा येईल फेस?" ती ओरडून म्हणाली, आवाज थोडा फाटलाच. "ती लाइन आपण मुद्दाम जड ठेवलीय. स्वयंपाकघरातलं पाणी जुनंच..."

बोलता बोलता ती थांबली. तिने हातातल्या चंचुपात्राकडे पाहिलं.

एका थेंबात निळं. मशीन फसलं असतं तर एका थेंबात भागलं असतं का? सत्तावीसच्या खुणेपर्यंत जावं लागलं असतं. म्हणजे नळाच्या पाण्यात चुना नव्हताच. होता तो एका थेंबापुरता, इतकासा, कुठूनतरी बाहेरून आलेला. कुठून? कॉलेजात ओट्यावर तिच्या डाव्या हाताला शुद्ध पाण्याची बाटली असायची, धुतलेलं काचसामान शेवटी तिने विसळायचं. डावा हात आपोआप तिकडे जायचा. आणि या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर डाव्या हाताला काय होतं? पिण्याच्या पाण्याचा फिल्टर. त्यातल्या कँडलने गाळ अडतो, चुना नाही. दोन आठवडे ती प्रत्येक वेळी त्याच जड पाण्याने चंचुपात्र विसळत आली होती. सत्तावीसच्या मापात तो एक थेंब कुठे हरवला ते कळलं नव्हतं, शून्याच्या मापात त्यानेच घात केला.

"चूक झाली," ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मशीनची नाही. माझी. मी हे भांडं फिल्टरच्या पाण्याने विसळलं. जड पाण्याने. एकोणतीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला."

"आई, आता राहू दे," मुलगा दारात येऊन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दया होती, आणि ती जास्त लागली. "होतं असं. चल, तू—"

"बस म्हणू नकोस," मावशी म्हणाली. "दोन मिनिटं थांब. मग काय म्हणायचं ते म्हण."

तिने चंचुपात्र ओतून टाकलं. बाथरूमच्या नळाखाली धरून एकदा विसळलं, दोनदा विसळलं, तिसऱ्यांदा विसळून उपडं झटकलं. नव्याने पाणी घेतलं. द्रावण घातलं. दर्शकाची चिमूट घेतली आणि सोडली.

निळं.

थेंब नाही, ब्युरेट नाही, काही नाही. चिमूट पडल्याबरोबर पाणी निळं झालं, वरपासून तळापर्यंत, आणि निळंच राहिलं. तिने पात्र हलवलं, उजेडात धरलं, खिडकीशी नेलं. निळं ते निळं. मावशीचा जीव भांड्यात पडला.

"शून्य!" ती ओरडली. एवढ्या मोठ्याने ती प्रयोगशाळेत कधी बोललीच नव्हती. "शून्य आलंय! बघा!"

सुनेने टाळ्याच वाजवल्या. फिटर पुढे येऊन पात्रात डोकावला, मग मशीनकडे, मग मावशीकडे. "काकू, चाळीस घरं झाली, पण शून्य असं डोळ्यांनी आज बघितलं." मुलगा वाकला, बाथरूमच्या नळाखाली हात धरले आणि साबण फिरवला. फेस मनगटावर चढला, मनगटावरून कोपरावर. तो धूत राहिला आणि हात बुळबुळीतच लागत राहिले.

"आई, साबण निघतच नाहीये!"

"निघालाय रे. मऊ पाणी हाताला तसंच लागतं. आणि पुढच्या वेळेपासून चिमूटभरच साबण घे."

तो हसायला लागला. कोपरापर्यंत फेसाने माखलेला, गुडघे भिजलेला, लहानपणी हसायचा तसा हसायला लागला, आणि मग मावशीलाही हसू आवरेना. सूनही हसत होती. फिटरला हसण्याचं कारण नीट कळलं नव्हतं, तरी तोही हसला.

मग फिटरने पिशवीतून कंपनीचा कागद काढला, वॉशिंग मशीनवर पसरला आणि भरायला घेतला. बसवल्याची तारीख. मशीनचा नंबर. आधीची कठीणता: पाचशे बावन्न. नंतरची: शून्य. खाली एक रिकामी ओळ होती आणि ओळीखाली छापलं होतं, पाणी तपासणाऱ्याची सही.

"इथे सही करा, साहेब," त्याने मुलापुढे पेन केलं.

मुलाने हात पुसून पेन घेतलं. टोक कागदावर टेकवलंसुद्धा. ओळीखाली काय छापलंय ते त्याने वाचलं, आणि पेन उचललं. "मी कुठे तपासलं?" तो म्हणाला. मग त्याने पेन मावशीकडे वळवलं. "तुझी सही लागते, आई."

मावशी पदराला हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसत राहिली. आकडा लिहायचा म्हटलं की तिची बोटं पेन्सिल शोधायची, आणि हे पेन होतं, निळ्या शाईचं. आकड्याखाली सही करायची असते ती कुणीतरी दुसऱ्याने, असंच ती आजवर धरून चालली होती. तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी तिने ते लपवले नाहीत.

सून धावत जाऊन खिडकीजवळची खुर्ची घेऊन आली. "बसून करा, आई."

"नको," मावशी म्हणाली. "हे काम उभ्यानेच करायचं असतं."

आणि तिने उभ्यानेच सही केली, पूर्ण नावाची, एकही अक्षर न गाळता.